आजीने सांगितलेली मासिकातली गोष्ट शोधायचीय? मग असं करा

माझी आजी एक गोष्ट सांगायची, एका बाईच्या शिवणाच्या मशीनची. लग्नाआधी 'किर्लोस्कर' मासिकात वाचली होती म्हणे. बस्स, एवढीच माहिती, ना गोष्टीचं नाव ना लेखकाचं. शोधायला मला दोन महिने लागले आणि त्यातला अर्धा वेळ निव्वळ फुकट गेला, कारण मी गुगलवर लेखक आणि गोष्ट शोधत बसलो. तसं करू नका. आधी मासिक आणि साल पक्कं करा, गोष्ट आपोआप हाताला लागते.

साल कसं काढायचं? ज्याने वाचली त्याला तारीख विचारू नका, तेव्हा कितवीत होतीस, कुठल्या घरात राहत होता, अंक कोणाकडून यायचा हे विचारा. आणि मासिकाच्या नावावर आंधळा विश्वास ठेवू नका. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली किर्लोस्करवाडीतून निघालं, आधी कारखान्याचं मासिक म्हणून, नंतर 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. त्याच घरातून १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर'. त्यामुळे लोक तिन्हींना सरसकट किर्लोस्करच म्हणतात, आणि आमच्या आजीची गोष्ट शेवटी सापडली ती 'स्त्री'मध्ये! आणखी एक, शेवटावरून कधीच शोधू नका. आजीच्या गोष्टीत ती बाई मशीन विकते, छापील गोष्टीत विकत नाही. वस्तू, चित्र, गावाचं नाव एवढं मात्र माणसाच्या डोक्यात बरोबर राहतं.

मासिकांचा काळ ढोबळ माहीत असला की पुष्कळ गाळता येतं. हरिभाऊ आपट्यांचं साप्ताहिक 'करमणूक' १८९० चं, का. र. मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ चं (पहिला दिवाळी अंक यांचाच, १९०९), 'सत्यकथा' १९३३ ते १९८२, बडोद्याचं 'अभिरुचि' १९४३ पासून. म्हणजे कोणी म्हणालं की पणजोबांनी १९२५ ला सत्यकथेत वाचली, तर हसून सोडून द्यायचं. नवकथेवाल्यांपैकी (म्हणजे १९४५ च्या आसपास मराठी कथेला नवं वळण देणारे) कोणाची गोष्ट हवी असेल, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले वगैरे, तर सत्यकथा आणि अभिरुचि आधी चाळा. १९५० च्या आधीचं एखादं अगदीच अनोळखी मासिक असेल तर दाते-काळे-बर्वे यांची नियतकालिकांची सूची ग्रंथालयात मागा.

आता ग्रंथालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, जे जवळ असेल ते, पण फोन करून जा आणि कुठली वर्षं आहेत ते आधी विचारा. अंक बहुतेक वर्षा-सहामाहीचे एकत्र बांधलेले मिळतात, आणि बाइंडिंगवाल्याने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. म्हणजे अंकाचा महिना ज्या पानावर तेच गायब! अशावेळी आधी बांधणीत वर्षाची अनुक्रमणिका आहे का बघा, नसली तर पृष्ठक्रमांक अंकागणिक नव्याने सुरू होतात की वर्षभर चालू राहतात ते बघा आणि त्यावरून अंक कितवा ते मोजा. जुन्या अंकावर इसवी सन नसून नुसतं शालिवाहन शकाचं साल असेल तर त्यात ७८ मिळवा, पौष ते फाल्गुन असेल तर साधारण ७९. कार्तिक शके १८३१ म्हणजे १९०९.

अनुक्रमणिकेत 'कथा' हा शब्द शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. हरिभाऊंच्या काळी ती 'स्फुट गोष्ट', मनोरंजनात 'संपूर्ण गोष्ट' (म्हणजे क्रमशः नाही, एका अंकात संपणारी, वि. सी. गुर्जरांनी ढिगाने लिहिल्या), 'लघुकथा' हे नंतरचं. लेखिका असेल तर आणखी गंमत, बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच बाई! माहेरचं, सासरचं आणि टोपणनाव, तिन्ही तपासायची.

कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला असतो, कोपरा धरून पान उलटलंत की तुकडा हातात येईल. तळहात पानाखाली घालून उलटा. फोटोची परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, बांधणी सपाट करायला दाबू नका (मी दाबली, कट्कन आवाज आला, काउंटरवरच्या बाईंनी असं बघितलं की त्या दिवशी परत काही मागायची हिंमत झाली नाही). प्रत्येक गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं पान नक्की घ्या, आणि वर्ष, अंक, पृष्ठ लगेच वहीत लिहा, घरी येऊन चाळीस फोटोंतला कुठला कशातला ते आठवत नाही.

आणि सापडलेली गोष्ट उत्साहाने आख्खी ऑनलाइन टाकायच्या आधी लेखक कधी गेला ते बघा. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. तोवर घरच्यांना व्हॉट्सॅपवर मासिकाचं नाव, महिना आणि पान कळवा, ज्याला वाचायचीय तो जाईल.