एसपी सर्व्हेतल्या या चुका टाळा: आधी त्या लोखंडी सळ्या बाजूला ठेवा

जमिनीखाली पाणी मुरतं किंवा वाहतं तेव्हा त्याच्याबरोबर थोडा विद्युतभारही सरकतो आणि वर काही मिलिव्होल्टचा फरक उमटतो. सेल्फ पोटेन्शियल, म्हणजेच एसपी पद्धतीत तेवढाच मोजायचा. करंट सोडावा लागत नाही, म्हणून नवशिक्यांना हे काम तासाभराचं वाटतं. पण भूजलाचा सिग्नल बहुधा काही दहा मिलिव्होल्टचाच असतो, आणि त्याहून मोठा खोटा आकडा निष्काळजीपणातून सहज तयार होतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती जमिनीत इलेक्ट्रोड म्हणून ठोकलेल्या लोखंडी सळ्यांची. ओल्या मातीत लोखंड गंजू लागतं आणि ती क्रिया स्वतःच व्होल्टेज देते, प्रत्येक सळीचं वेगळं आणि सतत बदलणारं. एका पाझर तलावाची गळती शोधायला आलेल्या मुलांना सळ्यांवर बांधाच्या मधोमध १८० मिलिव्होल्टची घसरण मिळाली होती. तिथे जेसीबी लावायचंही ठरलं होतं. मी त्यांना सळी न हलवता मीटरकडे बघत थांबायला सांगितलं. चहा होईपर्यंत आकडा ४० ने सरकला. मग सळ्यांऐवजी सच्छिद्र मडक्यांचे इलेक्ट्रोड लावून तीच लाइन पुन्हा घेतली. मधली घसरण गायब! सांडव्याच्या बाजूला मात्र सलग काही ठिकाणी १५-२० मिलिव्होल्टचा ऋण पट्टा आला. पायथ्याशी त्याच्या समोरच आकडे धन बाजूला गेले आणि तिथली माती ओली होती, म्हणजे गळतीचा संशय याच बाजूला.

मडकं म्हणजे सच्छिद्र मातीचं भांडं, आत मोरचुदाचं संपृक्त द्रावण आणि त्यात तांब्याची पट्टी. तळाशी न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत. माझी मडकी आदल्या रात्री एकाच चिखलाच्या बादलीत असतात. सकाळी २ मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दाखवणारं मडकं घरीच राहतं. काम संपल्यावर पुन्हा तीच तपासणी. उन्हात एक तापलं आणि दुसरं सावलीत राहिलं तर अंशामागे जवळपास १ मिलिव्होल्ट सरकतो, म्हणून वर ओलं फडकं हवं.

दुसरी चूक घाईची. मुरूम कोरडा दिसला की बाटलीभर पाणी ओतायचं आणि लगेच आकडा लिहायचा. अहो, ते ओतलेलं पाणी खाली मुरताना स्वतःच सिग्नल देतं, म्हणजे तुम्ही तुमचीच बाटली मोजता! वीतभर खड्डा करा, खालच्या ओलसर मातीत मडकं दाबून बसवा. ओल लागलीच नाही तर काळ्या मातीचा घट्ट चिखल वापरा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. एवढा धीर नसेल तर हे काम घेऊ नका.

मीटरची काळी वायर कायम बेस मडक्यालाच, म्हणजे एका जागी ठेवलेल्या, ज्याच्या तुलनेत बाकीचे आकडे घेतो त्या मडक्याला. एकदा अदलाबदल झाली की नकाशा उलटा.

दहा मेगाओमपेक्षा कमी इनपुट रोधाचा स्वस्त मीटर कोरड्या जमिनीत चालत नाही.

पुरलेली लोखंडी पाइपलाइन, बोअरचं केसिंग, तारेचं कुंपण आधी नकाशावर टाका. झाडाच्या बुंध्यालगत मडकं नको.

शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू की बंद, प्रत्येक आकड्यासमोर लिहा. उपशाने पाणी विहिरीकडे ओढलं जातं आणि एसपीही बदलतो.

चढावर आकडे ऋण होत जाणं नेहमीचंच आहे, तो कल वजा केल्याशिवाय बोअरचा पॉइंट काढू नका.

एसपी पाण्याची हालचाल दाखवतो, साठा नाही. बेसॉल्टमध्ये फक्त त्याच्या भरवशावर बोअरची गाडी बोलावू नका. त्याच लाइनवर रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंट सोडून जमिनीचा विद्युतरोध, घ्या आणि आसपासच्या विहिरींची पातळी मोजा.