पातेरा जाळणं थांबवलं

मुंबई सोडून राजापूरजवळच्या गावी परतलो तेव्हा दोन गोष्टी बिघडलेल्या होत्या: वडिलांची आंबा-काजूची बाग आणि माझी झोप. बागेत माती वाहून जांभा, खालचा लाल दगड, उघडा पडलेला. पावसात अंगणापर्यंत लाल पाणी यायचं, म्हणजे आमची मातीच ती.

चूक आमचीच. दरवर्षी पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळलेला पाला, झाडून जाळायचा, बाग ‘साफ’ दिसावी म्हणून. शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, खत पेटवतोस आणि मग खत विकत आणतोस!"

जाळणं बंद केलं. पावसाआधी उताराला आडवे चर खणले, दीड फूट खोल. कातळ लागला तिथे चिऱ्यांचे (जांभ्याच्या दगडांचे) बांध. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाच्या फांद्या खोवल्या, त्याच्या पाल्यातून नत्र मिळतं. पातेरा आळ्यात पसरला. इथे फसलो: पाला खोडाला भिडवला आणि वाळवीची मातीची नळी थेट खोडावर चढली. तेव्हापासून खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवतो. जोडीला जीवामृत, म्हणजे घरी आंबवलेलं पातळ खत: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बागेतली मूठभर माती.

तिसऱ्या पावसाळ्यात पाणी चरातच जिरलं. आता पातेरा उचलला की खाली काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळं.

झोपेचं म्हणाल तर कुदळ मारून आधी पाठ धरली, पण रात्री नऊलाच डोळे मिटायला लागले. गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केल्या. आंबा मात्र अजून पूर्वीइतका धरत नाही.