पोर्टेबल प्रोजेक्टर घेताना या चुका टाळा : आधी गच्ची मोजा, मग डबा वाचा

मे महिन्यात इंदूरच्या राजेंद्र नगरला मावशीकडे गच्चीवर मॅच बघायचा बेत ठरला होता. मावसभावानं खास त्यासाठी प्रोजेक्टर घेतला होता. डब्यावर ठळक अक्षरांत ‘९००० लुमेन्स, ४के’. चादर ताणली, सतरंज्या घातल्या, खालून पोह्यांचं पातेलं वर आलं. साडेसातला मॅच सुरू झाली आणि चादरीवर दिसला नुसता फिकट निळसर चौकोन. चेंडू सोडाच, स्कोअरसुद्धा वाचता येईना. दहा मिनिटांनी मावशी म्हणाली, “चला रे, खाली टीव्ही लावू. पोहे गार होताहेत.” भावाचा चेहरा अगदी उतरला.

त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या चार-पाच जणांबरोबर मी प्रोजेक्टर बघायला जेल रोडचा बाजार पालथा घातला. सगळ्यांची चूक एकच. यंत्र आधी पसंत करायचं आणि ते लावायचं कुठे हे नंतर ठरवायचं. क्रम उलटा हवा. चित्र कुठे पडणार, किती मोठं आणि तिथे अंधार किती, ही तीन उत्तरं खिशात असल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

डब्यावरचे लुमेन्स

लुमेन्स म्हणजे यंत्र एकूण किती उजेड टाकतं त्याचं माप. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उजेड मोजायची मान्य रीत अशी : पांढरं चित्र पाडून त्याचे ९ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर उजेड मोजायचा, त्याची सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणायचं. असा मोजलेला आकडा ‘ॲन्सी लुमेन्स’ किंवा ‘आयएसओ लुमेन्स’ म्हणून लिहितात. आकड्यापुढे यातला एकही शब्द नसेल, तर तो आकडा विसरा. आठ-दहा हजारांच्या यंत्रावर ९००० लिहिलेलं असलं, तरी पडद्यावर प्रत्यक्षात पडणारा उजेड शे-दोनशे ॲन्सी लुमेन्सच्या आसपासच असतो. बॅटरीवर चालणारे बरेचसे चांगले प्रोजेक्टरही काही शे लुमेन्सचेच असतात. फरक इतकाच, की ते खरा आकडा छापतात.

आता हिशोब करा. २०० ॲन्सी लुमेन्सचं यंत्र घेतलं आणि ६० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेलं) चित्र पाडलं, तर पडदा साधारण १ चौरस मीटरचा होतो, म्हणजे त्यावर २०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन्स) उजेड. तेच चित्र १०० इंची केलं की क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या वर जातं आणि उजेड उरतो जेमतेम ७२ लक्स. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत भिंतीवर सहज शंभर-दीडशे लक्स उजेड असतो. मग चित्र धुऊन निघणारच. सिनेमागृहाच्या पडद्याइतकं उजळ चित्र हवं असेल, तर २०० लुमेन्सला ७० इंचांच्या पुढे जाता येत नाही, आणि तेही मिट्ट काळोखात. शंभर इंचांचा हट्ट असेल तर ४०० ॲन्सी लुमेन्सच्या खाली बघूच नका.

गच्चीवर आणखी एक गोष्ट नडते. मेअखेरीस आपल्या इंदूरला सूर्य मावळतो सात वाजून गेल्यावर आणि साडेसातपर्यंत आभाळात उजेड रेंगाळतो. मावशीकडे झालं ते हेच : कमजोर यंत्र, संधिप्रकाश आणि शेजारच्या गच्चीवरचा बल्ब. मॅचची वेळ आपल्या हातात नाही, सिनेमाची आहे. तो साडेआठला लावा.

‘४के’ म्हणजे काय दिसणार?

‘४के सपोर्ट’ याचा अर्थ इतकाच, की यंत्र ४केचा, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचा, व्हिडिओ आत घेतं. पडद्यावर किती ठिपके पडणार हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ सांगतं. ते १९२० गुणिले १०८० असेल तर उत्तम, १२८० गुणिले ७२० असेल तर सिनेमाला चालतं, आणि ८५४ गुणिले ४८० म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या यंत्राची मजल. आमच्या सोसायटीत गणपतीला आरतीचे शब्द भिंतीवर दाखवतात, कारण मुलांना सगळ्या आरत्या पाठ नसतात. तिथे हा फरक लगेच कळतो. कमी ठिपक्यांच्या यंत्रावर अनुस्वार गायब होतात, जोडाक्षरांचा चिखल होतो. म्हणून दुकानात चकचकीत डेमो व्हिडिओ बघू नका. आपल्या मोबाइलमधलं बारीक देवनागरी मजकुराचं पान लावायला सांगा.

अंतर आणि तिरकेपणा

यंत्राच्या माहितीत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. तो १.२ असेल तर चित्राची जेवढी रुंदी, त्याच्या १.२ पट अंतर लागतं. १०० इंची चित्राची रुंदी २.२१ मीटर, म्हणजे अंतर सुमारे २.६५ मीटर, पावणेनऊ फूट. दहा फुटी खोलीत पलंग आणि कपाट सोडून एवढी मोकळी जागा निघते का, ते घरी टेपनं मोजून बघा.

‘ऑटो कीस्टोन’ असलं की यंत्र कुठेही तिरकं ठेवलं तरी चालतं, असा समज आहे. चित्र चौकोनी होतं खरं, पण त्यासाठी यंत्र ठिपके कापतं. उजेड आणि स्पष्टपणा दोन्ही कमी होतात. स्टूल सरकवून यंत्र भिंतीला काटकोनात ठेवायचे कष्ट घ्याच.

बॅटरी

जाहिरातीतले दोन-अडीच तास बहुधा मंद उजेडाच्या इको मोडमधले असतात. वीस षटकांचा सामना साडेतीन तासांच्या पुढे जातो, म्हणजे ऐन रंगात आला की पडदा काळा. पॉवर बँकेचं गणितही आधी करून ठेवा. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले थोडे वाया जातात, आणि ६० वॅट ओढणारं यंत्र त्यावर जेमतेम तासभर चालतं. शिवाय यंत्राला ६५ वॅटचा टाइप-सी पुरवठा लागत असेल, तर मोबाइलची २० वॅटची बँक त्याला चालवूच शकत नाही. गच्चीपर्यंत चांगली एक्स्टेन्शन वायर ओढणं हा साधा आणि स्वस्त उपाय आहे. माझं मत विचाराल तर ज्यांना प्लग जवळ आहे त्यांनी बॅटरीसाठी जादा पैसे देऊ नयेत. तेवढ्यात जास्त उजेडाचं यंत्र येतं.

पडदा

चादरीतून उजेड मागे निघून जातो, आणि माळव्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्यानं ती सारखी फडफडते. जाड, मागून उजेड न जाऊ देणारं पांढरं कापड घ्या, वरखाली दांडी शिवून घ्या आणि खालच्या दांडीला वजन बांधा. बॅनरच्या फ्लेक्सची चकचकीत बाजू वापरू नका, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो.

घरी आणल्यावर अडलं तर

फोन जोडल्यावर आवाज येतो पण चित्र काळं राहतं? यंत्र बिघडलेलं नाही. नेटफ्लिक्ससारखी ॲप्स चोरी रोखण्यासाठी मिररिंगमध्ये, म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा दाखवताना, चित्र अडवतात. यंत्रात त्या ॲपची अधिकृत आवृत्ती आहे का ते घेण्याआधीच विचारा. नसेल तर एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावा.

सुरुवातीला स्वच्छ दिसणारं चित्र पंधरा मिनिटांत धूसर झालं, तर भिंग तापून फोकस सरकलेला असतो. यंत्र गरम होऊ द्या आणि मग फोकस पुन्हा लावा. एकच कोपरा धूसर असेल तर आधी यंत्र सरळ आहे का ते बघा. सरळ असूनही चारही कोपरे एकदम स्वच्छ होत नसतील, तर तो भिंगाचा दोष आहे आणि घरी दुरुस्त होत नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, हा ब्लूटूथ स्पीकरचा उशीर. साध्या ३.५ मिमी वायरनं जोडा. चित्रात न हलणारे काळे डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, म्हणून ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’ (चित्र पाडणारा आतला भाग धूळ न शिरेल असा बंद) असलेलं यंत्र थोडं महाग असलं तरी घ्यावं असं मला वाटतं. आणि मध्येच उजेड मंदावला किंवा यंत्र बंद पडलं, तर झरोके मोकळे आहेत का ते बघा. बऱ्याच यंत्रांची मर्यादा ३५ ते ४० अंश असते आणि दिवसभर तापलेल्या लादीवर ठेवलं की ती सहज ओलांडली जाते. स्टूलवर ठेवा, गादीवर तर कधीच नाही.

मावसभावाचं यंत्र परत करायची मुदत टळून गेली होती. आम्ही ते आतल्या खोलीत लावलं, खिडकीला जाड पडदा टाकला आणि चित्र ४५ इंचांवर आणलं. आता मावशीची नातवंडं रोज रात्री जेवणानंतर तिथे तासभर बसतात आणि चित्र अगदी स्वच्छ दिसतं.