कॉलेज निवडण्याआधी शेवटची एसटी विचारा

जून लागला की आमच्या ऑफिसच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "मॅडम, किती पैसे लागतीन?" दुसरा येतो, "कोणता कोर्स चांगला हाय?" दोन्हींची उत्तरं मी देते, पण आधी उलट विचारते: गाव कोणतं, आणि इथून तुमच्या गावची शेवटची गाडी किती वाजता सुटते? पोरं गोंधळतात. बाप मात्र लगेच सांगतो, कारण बाजाराच्या दिवशी तीच गाडी त्यालाही धरायची असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात लिपिक आहे. अ‍ॅडमिशन, शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म, सगळं याच खिडकीतून जातं. पहिल्याच वर्षी यायचं बंद करणारी खेड्यातली मुलं बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय. अभ्यास झेपला नाही म्हणून सुटणारी थोडी. गाडीची वेळ जुळली नाही किंवा एखादा कागद वेळेत निघाला नाही म्हणून सुटणारी जास्त. या दोन्ही गोष्टी आधी कळल्या तर सावरता येतात.

तर आधी गाडी. बीए, बीकॉमचे तास आमच्याकडे सकाळी सुरू होऊन दुपारी आटोपतात. बीएस्सीचं तसं नसतं. तास झाले की प्रॅक्टिकल, आणि तुमची बॅच दुपारची निघाली तर साडेचार सहज वाजतात. फिजिक्सचं रीडिंग अर्धं टाकून गाडीसाठी पळणाऱ्या मुलीचं जर्नल पूर्ण होत नाही. जर्नल अपुरं राहिलं की प्रॅक्टिकलचे गुण जातात, आणि दिवाळीनंतर घरी ठरतं की "सायन्स तिले झेपत नाही." झेपत होतं. गाडी साडेतीनची होती.

म्हणून कॉलेज बघायला याल तेव्हा नोटीस बोर्डावरच्या मागच्या वर्षीच्या टाइमटेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घेऊन बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत जा. गावात मुक्कामी गाडी असेल तर सकाळचा प्रश्न मिटतो, उरतो तो परतीचा. शाळेच्या सुट्टीत कोणती फेरी बंद होते तेही विचारा. शाळेच्या पोरांसाठी सोडलेल्या काही गाड्या दिवाळीच्या सुट्टीत येत नाहीत, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा त्याच्याच आगेमागे असतात. शिवाय ते दिवस कापूस वेचणीचे, म्हणजे मोटरसायकलवर सोडून द्यायला घरी कोणी मोकळं नसतं. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की गाडी फाट्यावरूनच वळते, तेव्हा फाटा ते घर हे अंतरही हिशेबात धरा.

पासाचं थोडक्यात सांगते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो, त्यामुळे बीए पहिल्या वर्षाला पैसे पडतात हे ऐकून बऱ्याच जणी दचकतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण रोज यायचं असेल तर पासच परवडतो. आणि फेरीची वेळच जुळत नसेल तर एकट्याने कंडक्टरशी भांडून काही होत नाही. त्या रस्त्यावरच्या सगळ्या पोरांनी मिळून आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज करायचा, सोबत ग्रामपंचायतीचं आणि कॉलेजचं पत्र जोडायचं. कॉलेजचं पत्र आम्ही देतो. मागायला कोणी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता कागद. कागद जूनमध्ये काढायचे नसतात. जूनमध्ये बाप पेरणीत, घरातला पैसा बियाण्या-खतात आणि तलाठ्याकडे पीककर्जवाल्यांची रांग. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, रांग तेवढीच आहे.) बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात, एप्रिल रिकामा असतो. तो सेतू केंद्राला द्या. फक्त उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर काढा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे हौसेने मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये रद्दीत जातो.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा असतो आणि सगळा जीव त्याच्या पुराव्यात अडकतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीची नोंद लागते. "आजा शाळेतच नाही गेला, मंग दाखला कुठून आणू?" हा प्रश्न दरवर्षी येतो. आपल्या विदर्भात त्याला एक वाट आहे, कोतवाल बुक. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा आणि त्यात जातही लिहिलेली असायची. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल काढता येते. बऱ्याच नोंदींत बाळाचं नाव नसतं; बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच असतं. म्हणून सोबत वंशावळीचं शपथपत्र जोडावं लागतं. आजोबांच्या जन्माचा अंदाज आणि त्यांच्या बापाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथला बाबू कोणतं साल काढणार?

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना आरक्षित जागेसाठी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही असा दाखला, लागतो, त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवायचं. एससी, एसटीला ते लागत नाही, तरी शेजाऱ्याने सांगितलं म्हणून काढायला धावतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग अशा कोर्सला आरक्षित जागा हवी असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. जात पडताळणी समितीने जुने पुरावे पुन्हा मागितले की प्रकरण महिनोन्‌महिने चालतं.

नावाचं स्पेलिंग वेगळं सांगावं इतकं त्रासदायक आहे. ज्ञानेश्वर इंग्रजीत आधारवर 'डी'पासून, मार्कशीटवर 'जी'पासून आणि बँकेत तिसरंच. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार, बँक, सगळं तिच्यासारखं करून घ्या. उलट करायला जाऊ नका. बोर्डाच्या मार्कशीटमधली दुरुस्ती फार जड जाते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या भावाच्या खिशात असेल तर फॉर्म तिथेच थांबतो.

टीसीच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा. मूळ टीसी कॉलेजात जमा झाली की ती परत मिळत नाही. दुसरीकडे जायचं तर प्रवेश रद्द करून आमची नवी टीसी न्यावी लागते. सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, यादीची वाट बघत असाल तर खिडकीवर तसं स्पष्ट सांगा आणि त्याचा काय नियम आहे ते विचारून मगच टीसी द्या. घाबरून, "नाव तं टाकून ठेवू" म्हणून दिलेली टीसी पुढे नडते.

सीईटीचंही इथेच सांगते. जुलैमध्ये येऊन बीएस्सी अ‍ॅग्री विचारणारे दर वर्षी भेटतात. कृषीचा प्रवेश सीईटीवर होतो, आणि सीईटीचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्याही आधी, हिवाळ्यात निघतात. बीसीए, बीबीएलाही २०२४ पासून सीईटी आली आहे. तेव्हा बारावीच्या डिसेंबरपासून सीईटी सेलच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

फीबद्दल एक प्रश्न सगळ्यांनी विचारावा आणि कोणीच विचारत नाही: हा कोर्स अनुदानित आहे, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बीकॉम अनुदानित आणि शेजारची बीसीए विनाअनुदानित असू शकते. दोन्हींच्या फीत बराच फरक पडतो. लागूनच दुसरा प्रश्न: या विषयाला कायम प्राध्यापक आहेत का, की तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर? तासिकेवरचे शिक्षक वाईट असतात असं अजिबात नाही. आमच्याकडचे काही फार मन लावून शिकवतात. पण त्यांच्या नेमणुका उशिरा होतात आणि तोवर तास रिकामे जातात. असा विषय घ्यायचा तर ते माहीत असून घ्या.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर स्वतः करायचा आणि दर वर्षी पुन्हा करायचा. पहिल्या वर्षी भरला म्हणजे तीन वर्षांचं झालं, असं नसतं. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज योजना आहे, तीही तिथेच. व्यावसायिक कोर्सला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी साध्या बीए-बीएस्सीची नाही. गावात बातमी "मुलीईले सगळं फुकट झालं" अशी पोचते आणि बाप रिकाम्या खिशाने येतो.

एससी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत एक गोष्ट नीट समजून घ्या. तिच्यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. खात्यात पैसे आलेले दिसतात, घरात नड असतेच, आणि फीचे पैसे फवारणीत जातात. मी कोणाला दोष देत नाही. पण मग शेवटच्या वर्षी मार्कशीट न्यायला आल्यावर थकबाकी निघते आणि खिडकीवर रडारड होते. जितकी फी आहे तितकी रक्कम त्याच आठवड्यात भरून पावती घ्या, उरलेली तुमची. पैसे आलेच नाहीत तर आधारशी कोणतं खातं जोडलेलं आहे ते बघा. तुम्ही फॉर्मवर एक बँक लिहिता आणि पैसे मात्र लहानपणी कुठल्या तरी शिबिरात उघडलेल्या खात्यात जाऊन बसतात. एकरकमी फी जमत नसेल तर प्राचार्यांच्या नावाने हप्त्यांचा साधा अर्ज द्या. तोंडी सांगू नका. अर्ज फाइलला लागतो, बोलणं लागत नाही.

"आता डिग्री चार वर्षांची झाली काय?" नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही तीन वर्षांनी डिग्री मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट जमतात आणि ती तुमच्या एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर, साठतात, म्हणून तो आयडी डिजिलॉकरवरून आल्याआल्या काढा. मेजर, म्हणजे मुख्य, विषय तुम्हाला पुढे ज्यात जायचंय तो घ्या. मैत्रिणीचा मेजर तो माझा मेजर, असं करू नका. गावाहून सोबत येणं तसंही होतंच. बीए, बीकॉमला उत्तरं मराठीत लिहिता येतात, इंग्रजीचा पेपर तेवढा इंग्रजीत. बीएस्सीला शिक्षक मराठीत समजावतात पण पेपर इंग्रजीत असतो, त्याची भीती पहिल्या सेमिस्टरनंतर बरीच कमी होते.

"मॅडम, रोज या लागते काय?" हो. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरही हजेरी लागते. नुसतं नाव लावून परीक्षेपुरतं येणारे आहेत, ते पासही होतात. पण इंटर्नलचे गुण आणि प्राध्यापकाची ओळख त्यांना मिळत नाही. घरच्या शेतीमुळे किंवा लेकराबाळांमुळे रोज येणं खरंच अशक्य असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जवळपास बघा. ती डिग्री कमी दर्जाची आहे, हे ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकू नका.

अमरावती-यवतमाळला राहून शिकायचं असेल तर खोली बघण्याआधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. समाजकल्याणचं वेगळं, आदिवासी विभागाचं वेगळं. तिथे नंबर लागला नाही तर एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं आणि ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. कोणी रॅगिंग केलं तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा नंबर आहे, फोन कधीही लागतो.

शेवटचं काम परीक्षेच्या फॉर्मचं. त्याची तारीख नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. तारीख गेली की विलंब शुल्क, तेही गेलं की जास्तीचं विलंब शुल्क. रिचार्ज संपून नंबर बंद पडणार असेल तर ऑफिसात येऊन दुसरा नंबर लिहून द्या. आईचा चालतो, शेजाऱ्याचाही चालतो. दुपारी दीड ते दोन मात्र येऊ नका, तेव्हा आम्ही जेवत असतो.