सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफल कशी पारखावी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपुरातून अमेरिका, कॅनडा किंवा जर्मनीत गेलेली आणि तिथल्या हंगामात सहकाऱ्यांबरोबर रीतसर परवाना काढून शिकारीला जाऊ लागलेली मंडळी हल्ली हा प्रश्न वारंवार विचारतात की, दर गोळीनंतर हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) ओढावा न लागणारी, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, तरीही नेमाला पक्की आणि ऐन वेळी न अडकणारी रायफल कोणती घ्यावी. त्यांच्यासाठीच हे लेखन आहे. नागपुरात राहणाऱ्या वाचकाने मात्र आधी कायदा समजून घ्यावा, कारण इथे या प्रश्नाचे उत्तर फार थोडक्यात आटोपते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे छंद म्हणून शिकार करता येत नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराच्या किंवा रोह्याच्या बाबतीतही वनविभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय बंदूक उचलणे हा गुन्हाच ठरतो. शस्त्रांच्या वर्गवारीत सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणारी) रायफल निर्बंधित वर्गात मोडते, त्यामुळे शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर ती घेता येत नाही. वैध परवाना असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला साधारणपणे .३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल किंवा बाराबोअर येते, आणि शेताच्या धुऱ्यावरून जेवढ्या अंतरावर नेम धरायचा असतो तेवढ्यासाठी ती पुरेशी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशातही सगळीकडे सारखी मोकळीक नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर .२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होणारी छोटी रायफल) वगळता सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आहे, ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये त्यांच्यावर कडक बंधने घातली, तर कॅनडात मे २०२० पासून बंदी घातलेल्या मॉडेलांची यादी वाढतच गेली आहे. जर्मनीत अशी रायफल शिकारीसाठी चालते, परंतु तिच्यात एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे भरलेली असू नयेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्यामुळे दुकानात बिनदिक्कत मिळणारी रायफल त्याच राज्यात हरणाच्या शिकारीला चालेलच, असे धरून चालता येत नाही. पेन्सिल्व्हेनिया हे याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून रायफल पाहायला जाण्यापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी.

आता यंत्रणेकडे वळू. बोल्ट-ॲक्शनमध्ये रिकामे काडतूस बाहेर काढण्याचे आणि नवे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खोबणीत, ढकलण्याचे काम शिकाऱ्याचा हात करतो. काडतूस थोडे घट्ट बसले असेल तर तो जास्त जोर लावतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम काडतुसातली दारू जळून तयार झालेला आणि नळीतून बाजूला वळवलेला थोडासा गॅस करतो, आणि गॅसचा जोर ठरलेला असल्यामुळे परिस्थितीनुसार त्याला वाढवता येत नाही. या प्रकारच्या रायफलीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे. गॅसने ढकलल्या जाणाऱ्या पिस्टनवर चुलीच्या धुराड्यासारखी काजळी धरली, चेंबरमध्ये कचरा साचला किंवा काडतुसाचा दाब अपेक्षेपेक्षा कमी-जास्त झाला की बोल्टचा प्रवास अर्धवट राहतो किंवा गरजेपेक्षा जोरात होतो. पहिल्या प्रकारात रायफल अडकते. दुसऱ्यात ती चालत राहते, पण आतून झिजते, आणि मालकाला त्याचा पत्ता फार उशिरा लागतो.

त्यामुळे गॅस कुठून घेतला जातो आणि बोल्ट कशात अडकून बंद होतो, हे दोन प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारावेत. १९६७ पासून बाजारात असलेल्या ब्राउनिंग बार (BAR) या शिकारी रायफलीत नळीखालचा पिस्टन आणि सात कंगोऱ्यांचा फिरता बोल्ट असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातील त्याच नावाच्या लष्करी शस्त्राशी या रायफलीचे नावापलीकडे नाते नाही. इटलीच्या बेनेली आर-वनमध्ये गॅस चेंबरच्या अगदी जवळून घेतला जातो, तिथे तो जास्त तप्त आणि तुलनेने स्वच्छ असल्यामुळे काजळी कमी धरते. दोन्ही रचना कसाला उतरलेल्या आहेत. माझा कल किंचित ब्राउनिंगकडे आहे आणि त्याचे कारण यांत्रिक नाही: इतक्या वर्षांत तिचे सुटे भाग आणि ती उघडून नीट करणारे कारागीर सर्वत्र झाले आहेत, आणि शिकारीचा हंगाम चार-सहा आठवड्यांचा असताना दुरुस्तीसाठी दोन महिने थांबणे कोणालाच परवडत नाही.

काडतुसाची निवड त्या मानाने सोपी आहे. हरणासाठी .३०८ विंचेस्टर, .३०-०६ किंवा .२७० विंचेस्टर यांपैकी कोणतेही चालते. युरोपात हाक्याच्या शिकारीत मोठ्या रानडुकरांसाठी ९.३ × ६२ देखील वापरतात. गॅसवर चालणाऱ्या रायफलीला मध्यम वजनाच्या गोळीची, नावाजलेल्या कारखान्यात भरलेली काडतुसे सर्वांत जास्त मानवतात. घरी काडतुसे भरण्याचा छंद असलेल्यांनी सावकाश जळणारी दारू आणि फार जड गोळी ही जोडी टाळावी, कारण गॅसच्या छिद्रापाशी तिचा दाब जास्त राहतो आणि तो सगळा धक्का बोल्टला बसतो. काडतुसे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. दारू तापली की दाब वाढतो, हे मे महिन्यातला नागपूरचा पारा अनुभवलेल्या माणसाला टेक्ससच्या उन्हातही लक्षात राहायला हरकत नाही.

नेमाच्या बाबतीत अपेक्षा माफक आणि चाचणी मात्र कडक ठेवावी. चांगल्या बोल्ट-ॲक्शनच्या तीन गोळ्या १०० मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरच्या आत पडतात. सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफलीने चार ते पाच सेंटिमीटर दिले तरी ते उत्तम समजावे, कारण हरणाच्या किंवा डुकराच्या छातीतील मर्मस्थान पंधरा-वीस सेंटिमीटरचे असते. खरा प्रश्न गोळ्या किती जवळ पडल्या यापेक्षा पहिली गोळी कुठे पडली हा आहे. जनावर समोर येते तेव्हा नळी थंडच असते, म्हणून रेंजवर नळी पूर्ण निवू द्यावी, एकच गोळी मारावी, पुन्हा निवू द्यावी आणि अशा थंड नळीच्या गोळ्या त्याच कागदावर जमवाव्यात. त्यानंतर लागोपाठ पाच गोळ्या मारून पुंजका कोणत्या दिशेला सरकतो ते पाहावे. या रायफलींचा दस्ता दोन तुकड्यांत असतो आणि पुढचा तुकडा नळीभोवतीच्या भागांवर बसवलेला असतो, त्यामुळे नळी तापल्यावर किंवा तो तुकडा आधाराला घट्ट टेकवल्यावर नेम हलू शकतो. मध्यम तापलेल्या नळीने नेम थोडा सरकला तर चालवून घ्यावे. थंड नळीच्या गोळ्याच इकडेतिकडे पडत असतील तर आधी दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू तपासावेत आणि मग रायफलीला दोष द्यावा.

ट्रिगर दोन किलोच्या आसपास आणि न अडखळता सुटणारा असेल तर समाधान मानावे. तो फार हलका करून घेण्याच्या मोहात पडू नये, कारण बोल्ट जोराने आदळणाऱ्या यंत्रणेत हलका ट्रिगर धोकादायक ठरू शकतो.

विश्वासार्हतेची चाचणी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात. हंगामात जे काडतूस वापरायचे आहे त्याच्याच किमान साठ-सत्तर गोळ्या, पूर्ण भरलेल्या मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून), मध्ये साफसफाई न करता मारून पाहाव्यात. अडथळा आलाच तर मॅगझिन बदलून पाहावे. पुष्कळदा दोष रायफलीत नसून मॅगझिनच्या, काडतूस धरून ठेवणाऱ्या, वाकलेल्या ओठांत असतो, म्हणून मूळ कंपनीचे दुसरे मॅगझिन सुरुवातीलाच घेऊन दोन्हींवर खूण करून ठेवावी. रिकामे काडतूस चेंबरमध्येच राहत असेल तर चेंबर ब्रशने स्वच्छ करून पुन्हा पाहावे, आणि तरीही राहिले तर रायफल परत करावी. आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण तसा सोडलेला बोल्ट पूर्ण बंद होईलच असे नाही आणि मग ऐन वेळी ट्रिगर दाबूनही बार उडत नाही. तो स्प्रिंगच्या जोरावरच बंद होऊ द्यावा, मात्र त्या क्षणी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून दूर असलेच पाहिजे. प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काडतुसाच्या बुडापेक्षा वर आलेला दिसला तर ते काडतूस भरूच नये.

जुनी रायफल घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. १९६० ते १९८० या काळात तयार झालेली रेमिंग्टन ७४२ आजही स्वस्तात मिळते, पण फार वापरलेल्या नगांत बोल्ट ज्या पट्ट्यांवरून सरकतो त्या रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या मधल्या सांगाड्याच्या) आतल्या पट्ट्यांवर खाचा पडतात आणि एकदा त्या पडल्या की दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा खात्री करून, बोल्ट मागे अडकवावा आणि टॉर्चच्या उजेडात त्या पट्ट्या पाहाव्यात. गॅसच्या सिलिंडरवर गंजाचे खड्डे आहेत का, नळीच्या तोंडाची कड कुठे टवका उडून बिघडली आहे का, आणि बोल्टला मागे आधार देणारा बफर असलेल्या मॉडेलात तो चिरलेला आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. बाहेरचा दस्ता चकाकत असून पट्ट्यांवर खाचा दिसल्या, तर विक्रेत्याने किंमत निम्मी केली तरी ती रायफल घेऊ नये.