दिवाळी अंकाला कथा पाठवण्याआधी, आणि पाठवल्यावर

दिवाळी अंकाचा हंगाम लेखकासाठी उन्हाळ्यातच सुरू होतो. एप्रिल-मेपासून आवाहनं दिसायला लागतात, जून-जुलैत बहुतेकांची मुदत संपते, पुढे जाहिराती आणि मांडणी, आणि गणपती गेले की अंक छापखान्यात. नवरात्रात कथा पूर्ण करून 'जागा आहे का' म्हणून विचारणारे दरवर्षी असतात. त्यांनी ती कथा पुढच्या वर्षासाठी ठेवावी. मुदतीच्या बाबतीत एक लक्षात ठेवायचं. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. अधिक महिन्याच्या वर्षी संपादकांना थोडी सवड मिळते, पुढच्या वर्षी तीच ओढून घेतली जाते. म्हणून गेल्या सालच्या तारखेवर विसंबू नका, या सालचं आवाहन शोधून वाचा.

कथा पूर्ण झालेली हवी, शुद्धलेखन तपासलेलं हवं, एकदा मोठ्यानं वाचलेली हवी. यावर जास्त बोलत नाही.

पहिली खरी तयारी म्हणजे वही. फोनमधली नोंद चालेल, संगणकावरचा तक्ता चालेल, पण एकाच जागी हवी. रकाने असे करा: कथेचं नाव, कोणत्या अंकाला, कोणत्या तारखेला, ई-मेलनं की टपालानं, त्यांची मुदत कधीची, पोच आली का, होकार किंवा नकार, आणि शेवटचा रकाना 'परत घेतल्याचं कळवलं' आणि त्याची तारीख. बाकीचे रकाने कुणीही आखतं. हा शेवटचा कुणी आखत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

घोळ काय होतो ते सांगते, म्हणजे मी त्यावर एवढी का अडून बसले आहे ते कळेल. आपल्याकडे नकार कळवायची पद्धत फारशी नाही. संपादकाला कथा आवडली नाही तर बहुधा काहीच येत नाही. आवडली तरी पुष्कळदा काही येत नाही, थेट अंकच येतो. लेखकाला दोन्हीकडून शांतताच ऐकू येते. मी जूनमध्ये एका अंकाला कथा दिली, ऑगस्ट उजाडला तरी शब्द नाही, म्हणून नकार धरून ती दुसऱ्या अंकाला पाठवली. त्यांचा तीन दिवसांत होकार आला. पहिल्यांना मी काही कळवलं नाही, कारण तिथे काही उरलंय असं वाटलंच नव्हतं. वसुबारसेच्या सुमारास दोन्ही अंक बाजारात आले आणि दोन्हींत तीच कथा, एकात तर चित्रकाराकडून खास काढून घेतलेलं चित्र. दुसऱ्या संपादकांचा फोन आला. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, एक ओळ लिहायची होती त्यांना." ज्या आठ पानांवर दुसऱ्या कुणाची कथा आली असती ती पानं वाया गेली, हे त्यांनी सांगितलं नाही; पण ते तसंच आहे.

तर, दुसरीकडे पाठवायच्या आधी पहिल्या अंकाकडून लेखी परत घ्या. फोनवर नको, तिथल्या ओळखीच्या माणसाकडून निरोप नको, लेखी. मजकूर एवढा पुरतो: 'अमुक नावाची कथा मी अमुक तारखेला ई-मेलने पाठवली होती. ती अंकासाठी निवडली असल्यास कृपया आठ दिवसांत कळवावे. तसे न कळल्यास ती मी परत घेत आहे असे समजावे आणि ती छापू नये.' ज्या ई-मेलनं कथा पाठवली त्यालाच उत्तर म्हणून हे लिहा, म्हणजे शोधायला त्यांना सोपं जातं. आठ दिवस खरोखर थांबा. मग वहीत तारीख टाका. मगच दुसरीकडे.

आता अंक निवडणं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यातले पुष्कळ एकमेकांसारखे दिसले तरी प्रत्येकाची एक आवड असते. 'आवाज' विनोदाचा, 'धनंजय' रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांचा, 'मिळून साऱ्याजणी'ला बाईच्या जगण्याकडे बघण्याची स्वतःची नजर आहे, 'किशोर' मुलांसाठी. भुताची कथा मुलांच्या अंकाला पाठवणारे लोक आहेत, आणि तुमच्या अंकासाठी खास लिहिली आहे असं सांगणारेही. गेल्या दोन वर्षांचे अंक मिळवा. ग्रंथालयात बऱ्याचदा दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, आणि संक्रांतीनंतर रद्दीच्या दुकानांतही अंक सापडतात. न वाचलेल्या अंकाला कथा पाठवू नका. शब्दमर्यादा तिथेच कळते: आवाहनात २५००-३००० म्हटलं असेल तर ३१०० चालून जाईल, ५००० चालणार नाही. दीर्घकथा घेणारे अंक वेगळे आहेत, त्यांना ती द्या, कापून कापून तिची दुर्दशा करू नका.

'अप्रकाशित' या अटीवर लोक वाद घालतात. वाद घालू नका. फेसबुकवर टाकलेली, प्रतिलिपी या संकेतस्थळावर चढवलेली, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरून आलेली कथा बहुतेक संपादक प्रकाशितच धरतात. कथाकथनात वाचली असेल किंवा आकाशवाणीवर झाली असेल तर पत्रात तसं लिहा, ठरवू दे त्यांना. अनुवाद असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी आधी, कथा मागून.

फाइलबद्दल मात्र बारकाईनं सांगते, कारण इथे लेखकाला वाटतं सगळं ठीक आहे आणि बिघाड तिकडे होतो. युनिकोडमध्ये टाइप करा, वर्डची फाइल पाठवा आणि सोबत तिचीच पीडीएफ जोडा. पीडीएफ का? कारण कितीतरी ठिकाणी मांडणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) होते आणि तुमचा युनिकोड मजकूर रूपांतर करून तिथे नेला जातो. त्या प्रवासात पहिला बळी जातो तो ऱ्याचा. तुम्ही 'डोंगरदऱ्या' लिहिता, अंकात 'डोंगरदर्या' येतं, आणि वाचक डोंगरात समुद्र शोधतो. 'तऱ्हा'ची 'तर्हा' होते, 'ॲम्ब्युलन्स'मधल्या 'ॲ'च्या जागी चौकोन येतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. कारण असं की हा 'ऱ्य' टाइप करायच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं आणि रूपांतर करताना ते गळून पडतं. पीडीएफ सोबत असली तर मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारा, ताडून बघू शकतो. ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द फाइलमध्ये शोधा, सगळे एकाच रीतीनं टाइप झालेत ना ते बघा. वीस मिनिटांचं काम आहे.

दुसरं, बोली. पात्रं मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहा: 'संवादांतील बोली मुद्दाम ठेवली आहे, कृपया प्रमाण करू नये.' मुद्रितशोधक साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लावायला बसलेला असतो, ते त्याचं कामच आहे. सूचना नसेल तर तो 'व्हता'चं 'होता' करील आणि आजी एका पानात गावाकडून सदाशिव पेठेत जाईल. नंतर चिडून उपयोग नाही.

फाइलचं नाव 'कथा अंतिम नवीन' असं नको. कथेचं नाव आणि तुमचं आडनाव. फाइलच्या आतही पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन. कारण ई-मेलपासून फाइल सुटी होते आणि मग ती कुणाची हे कार्यालयात कुणालाच सांगता येत नाही. फक्त स्पर्धेला उलटं: तिथे बऱ्याचदा कथेवर नाव नको असतं, वेगळ्या पानावर हवं असतं. नियम वाचा.

पत्र चार ओळींचं. कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं निवेदन, संपर्क. याआधी कुठे छापून आलं असेल तर एका वाक्यात. कथेचं सार सांगू नका, ती कशावरून सुचली ते सांगू नका, समाजाला तिची गरज का आहे ते तर मुळीच नको. संपादकांचं नाव या वर्षीच्या आवाहनातून घ्या. दिवाळीपुरते अतिथी संपादक असतात आणि दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या नावानं पत्र गेलं तर तुम्ही अंक बघत नाही हे लगेच कळतं. आणि हो, एकच कथा आठ संपादकांना एकाच ई-मेलनं, सगळे पत्ते उघडे ठेवून पाठवू नका. संपादक एकमेकांना ओळखतात.

टपालानं मागत असतील तर कागदाच्या एका बाजूला, समास सोडून, आणि झेरॉक्स स्वतःकडे. परत हवी असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट आत. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत चिकटवा.

मग वाट बघणं. पोच आली नाही तर आठवडा झाल्यावर एकदाच विचारा, मिळाली का एवढंच. निर्णय विचारायला मुदत संपून महिना होऊ द्या. मग एकच ई-मेल, नाहीतर आवाहनात नंबर दिला असेल तर एकच व्हॉट्सॲप. फोन करू नका. ऑगस्टमध्ये ती माणसं जाहिरातदार आणि छापखाना यांच्यामध्ये अडकलेली असतात, त्यात पुष्कळ अंक नोकरी सांभाळून रात्री काढले जातात. कुणाची ओळख लावू नका. त्या काळात दुसरी कथा लिहा.

उत्तर नाहीच आलं, तर? तर परत घेतल्याचं पत्र. हे पुन्हा लिहिते आहे कारण नेमका इथेच हात कचरतो. वाटतं, विचारलं आणि त्यांना राग आला तर, कदाचित घेणार असतील तर. घेणार असतील तर तुमच्या पत्रामुळेच कळवतील, माझ्या एका कथेचं असंच झालं. आणि नसतील घेणार तर तुमची कथा मोकळी झाली. दोन्ही बाजूंनी फायदाच आहे, लिहा.

एकाच वेळी दोन अंकांना देणं आपल्याकडे रूढ नाही. कुणाला द्यायचीच असेल तर दोघांनाही पहिल्याच पत्रात सांगून, आणि एकाचा होकार येताच त्याच दिवशी दुसऱ्याला परत घेतल्याचं पत्र. त्याच दिवशी. आनंदानं मैत्रिणींना फोन करायच्या आधी.

स्पर्धेलाही हाच नियम. स्पर्धेत दिलेली कथा निकाल लागेपर्यंत अडकलेली समजा, कारण बक्षीस मिळालेली कथा प्रथम छापण्याचा हक्क आयोजक राखून ठेवतात. निकाल डिसेंबरात असेल तर ती कथा या दिवाळीला मिळणार नाही हे धरून चाला, किंवा लेखी परत घ्या.

प्रातिनिधिक कथासंग्रहांबद्दल, म्हणजे अनेक लेखकांच्या कथा एकत्र घेऊन निघणाऱ्या पुस्तकांबद्दल, एक इशारा. निवड झाल्याचं पत्र येतं, सोबत 'सहभाग शुल्क' किंवा अमुक इतक्या प्रती विकत घेण्याची अट, वर सन्मानचिन्ह. कथा छापण्यासाठी लेखकानं पैसे द्यायचे नसतात. कुणी संपादक निवड करतोय की जो पैसे देईल तो आत, हे विचारा, मागच्या संग्रहाची प्रत मागा. चांगले संपादित संग्रहही निघतात, ते शुल्क मागत नाहीत.

हक्कांचं थोडक्यात: कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कथेचा पहिला मालक लेखक. अंकाला कथा पाठवली म्हणजे हक्क गेले असं होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेल्या अर्जावर सही करू नका. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे शब्द दिसले तर थांबून वाचा.

होकार आला की मुद्रित (प्रूफ) बघायला मिळेल का ते विचारा. मिळालं तर दोन दिवसांत परत, नव्या ओळी न घालता. मानधन किती आणि कधी, हे तेव्हाच विचारा, संकोच नको. खाते क्रमांक आणि आयएफएससी नीट लिहून द्या. लेखकाची प्रत कुठे पाठवायची तो पत्ता पिनकोडसह.

अंक हातात आला की ऱ्य तपासा, वहीत अंकाचं नाव, साल आणि पान क्रमांक लिहा. पुढे संग्रह निघेल तेव्हा प्रकाशक पूर्वप्रसिद्धीची यादी मागतो. आणि ज्या कथा या वर्षी कुठेच लागल्या नाहीत त्यांच्यापुढचा शेवटचा रकाना बघा. रिकामा असेल तर आज पत्र लिहा.