बाहेर कडक, आत ओल्या

पहिल्या खेपेला सफरचंदाच्या चकत्या वाळवायला घेतल्या, साखर-दालचिनीत घोळवल्या आणि घाईपोटी ओव्हन 100 अंशांवर लावला. वरून कडकडीत, आत ओल्या! चौथ्या दिवशी बरणीच्या काचेवर दव, एका चकतीवर पांढरी बुरशी. सगळं फेकलं.

चूक आचेत होती. चकतीचा वरचा थर लवकर आवळला की आतलं पाणी अडकतं. आता चकत्या 5 मिलिमीटरच्या, एकसारख्या. लिंबूपाण्यात 10 मिनिटं, मग नीट टिपून घेते. साखर बंद, चिकट होते. दालचिनी चिमूटभरच, कारण वाळल्यावर चव दाटते. ओव्हन 60 अंशांवर, दार किंचित उघडं. चकती दुमडून बघते; घडीवर ओल दिसली तर परत आत. गार झाल्यावर बरणीत, आठवडाभर रोज हलवायची.